घरी बनवलेल्या फॉग मशीनमधून धुकं कमी का येतं? कॉइल, वायर आणि वात कशी तपासायची

गणपती तोंडावर आले की मला गावाकडून ठरलेला फोन येतो. "दादा, कॉइल लाल होतेय, पण धूरच निघत नाही." गाव म्हणजे राजूर, जालना जिल्ह्यातलं, भोकरदन तालुक्यातलं. (नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात दुसरं राजूर आहे, ते नव्हे.) गणपतीच्या साडेतीन पीठांमध्ये राजुरेश्वराचं नाव घेतलं जातं, त्यामुळे इथल्या मंडळांना देखाव्यात कमी पडलेलं चालत नाही. कैलास पर्वत केला की त्यावर ढग हवेतच. तयार फॉग मशीन भाड्याने आणण्यापेक्षा पोरं घरीच बनवतात: शेगडीच्या कॉइलचा तुकडा, कापसाची वात, मेडिकलमधलं ग्लिसरीन, एलईडी माळेचा १२ व्होल्टचा सप्लाय आणि एक छोटा पंखा. यंत्र चालू होतं, पण उदबत्तीएवढा धूर निघतो.

हा लेख त्या टप्प्यावर अडकलेल्यांसाठी आहे. यंत्र नव्याने कसं बनवायचं हे इथे नाही. बनवलेलं यंत्र कमी का पडतंय आणि ते कुठे तपासायचं, एवढंच बघू. धुकं कमी आलं की आधी वेढे वाढवले जातात, आणि तो उपाय उलटा आहे. तरीही जमलं नाही की कोणीतरी म्हणतं, "डायरेक्ट लाईनवर टाकू." कापडाच्या मंडपात तो उपाय जीवघेणा ठरू शकतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. वात, कॉइल आणि ग्लिसरीन ही रचना म्हणजे ई-सिगारेटचीच रचना आहे. यूट्यूबवर कॉइलचे जे व्हिडिओ दिसतात ते बहुतेक त्याच जगातले असतात. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात या सगळ्यावर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे तयार कॉइल कुठून मिळेल हे मला विचारू नका, आणि इथलं काहीही तोंडाने ओढण्यासाठी नाही. पण भौतिकशास्त्र सारखंच असल्यामुळे कमी धुक्याची कारणंही तीच आहेत.

धूर नाही, थेंब

जे पांढरं दिसतं तो धूर नसतो आणि खरं तर वाफही नसते. वाफ डोळ्यांना दिसत नाही. चहाच्या किटलीच्या तोटीला अगदी चिकटून बघा, तिथे एक-दोन सेंटीमीटर काहीच दिसत नाही. पांढरा भाग त्याच्या पुढे सुरू होतो. तसंच इथे. कॉइलजवळ द्रवाची वाफ होते, ती थंड हवेत मिसळते आणि तिचे बारीक थेंब होतात. ते थेंब म्हणजे आपलं धुकं. नुसत्या पाण्याचे थेंब हवेत लगेच विरून जातात. ग्लिसरीनचे बराच वेळ टिकतात, कारण ग्लिसरीन २९० अंशांना उकळतं आणि साध्या हवेत जवळजवळ उडतच नाही.

म्हणजे धुकं कमी असेल तर चारपैकी काहीतरी बिघडलंय. कॉइलला पुरेशी ऊर्जा मिळत नाही, कॉइलपर्यंत द्रव पोचत नाही, द्रवाचं मिश्रण चुकलंय, किंवा झालेली वाफ नीट थंड होऊन बाहेर पडत नाही. माझ्या अनुभवात पहिली दोन कारणं बहुतेक वेळा सापडतात.

वेढे वाढवले की उष्णता कमी होते

"जास्त तार म्हणजे जास्त उष्णता" हे मनात इतकं घट्ट बसलेलं असतं की सांगूनही पटत नाही. सप्लायचा व्होल्टेज ठरलेला असेल तर हिशोब असा आहे:

वॅट = व्होल्ट × व्होल्ट ÷ ओहम

ओहम खाली, भागाकारात आहेत. तार लांब केली की ओहम वाढतात, करंट कमी होतो, वॅट घटतात. १२ व्होल्टवर २.९ ओहमची कॉइल साधारण ५० वॅट देते. तिचे वेढे दुप्पट केले की ५.८ ओहम आणि २५ वॅट. वर तेवढे कमी वॅट दुप्पट तारेवर पसरतात. शेगडीची गोष्टही हीच आहे: २३० व्होल्टवर १००० वॅटच्या कॉइलचा रोध सुमारे ५३ ओहम असतो आणि २००० वॅटच्या कॉइलचा त्याच्या निम्मा. जास्त तापणाऱ्या कॉइलचे ओहम कमी असतात.

उलट टोकालाही जाऊ नका. एलईडी माळेचा सप्लाय बहुतेक १२ व्होल्ट ५ अँपिअरचा असतो, म्हणजे कागदावर ६० वॅट. २ ओहमची कॉइल त्यातून ६ अँपिअर मागते. सप्लाय स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो, परत चालू होतो, परत बंद होतो. कॉइल लुकलुकते, सप्लायमधून टिक-टिक आवाज येतो, आणि पोरं म्हणतात कॉइल खराब आहे. कॉइल ठीक आहे, तिची मागणी जास्त आहे. ५ अँपिअरच्या सप्लायला २.९ ओहम बरे. जास्त धुकं हवं असेल तर १० अँपिअरचा सप्लाय घ्या आणि २.९ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडा, प्रत्येकीला आपली वेगळी वात द्या.

आता तारेची जाडी. २८ गेजची नायक्रोम तार (०.३७६ मिमी) एका मीटरला सुमारे ९.८ ओहम देते, २६ गेजची (०.४५७ मिमी) सुमारे ६.६. म्हणजे २.९ ओहमसाठी पहिलीची ३० सेंटीमीटर लागेल, दुसरीची ४४. वॅट दोन्हीकडे ५०च. पण जाड तारेत धातू दुपटीहून जास्त, म्हणून ती सावकाश तापते. तिचा पृष्ठभागही पावणेदोन पटीहून मोठा, म्हणून प्रत्येक चौरस मिलिमीटरला मिळणारी उष्णता कमी. एवढ्या छोट्या सप्लायवर जाड तार आळशी वागते. "ओहम बरोबर आहेत, तरी धुकं नाही" अशी तक्रार असेल तर पहिली शंका इथे घ्या.

गावात नायक्रोम तार गेज सांगून मिळत नाही. शेगडीची कॉइल मात्र कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. नवी, न ताणलेली १००० वॅटची कॉइल घ्या, एकूण वेढे मोजा आणि त्याचा अठरावा भाग कापा. ५३ भागिले १८, झाले २.९ ओहम. गेज माहीत असण्याची गरजच नाही. जुनी, वापरलेली कॉइल मात्र घेऊ नका. तारेला चुंबक लावून बघा: चिकटलं तर ती नायक्रोम नसून लोखंड-क्रोमियम-अॅल्युमिनियमची तार आहे. चालते तीही, पण एकदा लाल झालेली अशी तार ठिसूळ होते आणि सरळ करताना तुटते.

मल्टिमीटर खोटं बोलतो

मुद्दाम नाही. स्वस्त मल्टिमीटरच्या दोन प्रोबच्या वायरींचाच रोध ०.३ ते ०.५ ओहम असतो. घरातली वायर तपासताना त्याने काही बिघडत नाही, पण २.९ ओहम मोजताना ती मोठी चूक आहे. आधी दोन्ही टोकं एकमेकांना घट्ट टेकवा, जो आकडा येईल तो लिहून ठेवा आणि कॉइलच्या मापातून वजा करा. नायक्रोमचा एक चांगला गुण म्हणजे तापल्यावर त्याचा रोध काही टक्केच वाढतो, म्हणून थंड असताना घेतलेलं माप चालतं. जुन्या पिवळ्या बल्बच्या फिलामेंटला हे लागू नाही. ते तापल्यावर रोध दहापटीहून जास्त वाढतो.

यापेक्षाही उपयोगी माप म्हणजे यंत्र चालू असताना, नेमकं कॉइलच्या दोन टोकांवर, डीसी व्होल्टेज बघणं. सप्लायच्या टोकावर १२ दिसतात म्हणून समाधान मानू नका. मंडपात सप्लाय बाजूच्या टेबलाखाली असतो आणि यंत्र मूर्तीमागे, मध्ये पाच मीटर माळेची बारीक वायर. ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर जाऊन-येऊन दहा मीटर झाली की तिचा रोध ०.३४ ओहम. आकडा किरकोळ वाटतो. पण २.९ ओहमच्या कॉइलसमोर तो दहाव्या हिश्श्याहून जास्त आहे. करंट ४.१ वरून ३.७ अँपिअरवर येतो, कॉइलवर जेमतेम १०.७ व्होल्ट उरतात आणि ५० ऐवजी ४० वॅट मिळतात. धुक्याचा पाचवा हिस्सा वायरच खाऊन टाकते. सप्लाय यंत्राजवळ आणा आणि लांबी वाढवायची असेल तर २३० व्होल्टच्या बाजूने वाढवा. ते जमत नसेल तर २.५ चौरस मिलिमीटरची वायर लावा.

जोडही असाच हात मारतो. नायक्रोमला साधं सोल्डर धरत नाही, त्यामुळे पोरं तारेला तार पिळून वर टेप गुंडाळतात. त्या जोडात ०.३ ओहम राहिले की तिथेच चार-पाच वॅट जळतात आणि टेप वितळते. पितळी स्क्रूचा चिनीमातीचा कनेक्टर वापरा. पाच मिनिटं चालवून, सप्लाय काढून, जोडाला बोट लावा. चटका बसला तर दोष तिथे आहे.

संध्याकाळी लाईन कमी झाल्यामुळे धुकं कमी येतं, असंही बरेच सांगतात. एसएमपीएस सप्लाय असेल तर हे सहसा खरं नसतं, कारण आत १९० व्होल्ट आले तरी तो बाहेर १२ देतो. जुना, जड, ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय असेल तर खरं आहे: २३० चे १९० झाले की कॉइलचे वॅट सुमारे ६८ टक्क्यांवर येतात, कारण व्होल्टचा वर्ग होतो.

इंजिनिअरिंगची पोरं मध्ये अर्डुइनो आणि मॉस्फेट घालतात. घाला, पण आयआरएफ५४० हा मॉस्फेट गेटला १० व्होल्ट मिळाल्यावर पूर्ण उघडतो. अर्डुइनोच्या ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो, स्वतः तापतो आणि कॉइल थंड राहते. आयआरएलझेड४४ घ्या, तो ५ व्होल्टवर चालतो. मी पोटापाण्याला कोड लिहितो, तरीही माझं मत विचाराल तर दहा सेकंद दाबून धरायला चांगला पुश-बटन स्विच पुरतो.

वात: आपल्याच शेतातला कापूस धोका देतो

आता मुख्य मुद्दा. विजेचं सगळं बरोबर असूनही धुकं येत नाही, तेव्हा दहापैकी सात वेळा दोष वातीत निघतो. आणि आमच्याकडे एक खास घोटाळा होतो. जालना कापसाचा जिल्हा. घरात कापूस असतोच, आजी त्याच्या फुलवाती वळते. पोरं म्हणतात, समईची वात तेल ओढते, मग ग्लिसरीन का नाही ओढणार?

नाही ओढत. शेतातल्या कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. तेलाला मेण आपलंसं वाटतं, म्हणून समई छान जळते. पाण्याला आणि पाणी मिसळलेल्या ग्लिसरीनला ते झिडकारतं. खात्री करायची तर वाटीत पाणी घ्या, एकीकडे कच्च्या कापसाचा बोळा सोडा, दुसरीकडे मेडिकलमधल्या सर्जिकल कापसाचा. सर्जिकल कापूस काही सेकंदांत भिजून बुडतो. कच्चा बोळा तरंगत राहतो. कारखान्यात सर्जिकल कापूस अल्कलीत उकळून हे मेण काढलेलं असतं. घरचाच वापरायचा हट्ट असेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तासभर उकळा, तीन-चार पाण्यांतून काढा, उन्हात वाळवा आणि परत वाटीची परीक्षा घ्या.

वात कॉइलमध्ये किती घट्ट बसवायची, हे हाताने कळतं. ओढताना किंचित अडखळायला हवी, पण कॉइल वाकडी व्हायला नको. फार घट्ट भरली की मधली वाट बंद होते आणि द्रव पुढे सरकत नाही. सैल असली की तार आणि कापूस यांच्यात हवा राहते, आणि त्या जागी तार लाल होते. लाल कॉइल दिसली की लोकांना बरं वाटतं, पण ओल्या वातीतली कॉइल लाल दिसता कामा नये. सगळी उष्णता द्रवाची वाफ करण्यात जायला हवी. म्हणजे फोनवरचं "लाल होतेय पण धूर नाही" यातच उत्तर आहे: वात कोरडी आहे.

कॉइल आडवी ठेवा आणि वातीची दोन्ही टोकं मिशांसारखी खाली टाकीत सोडा. द्रवाची पातळी कॉइलच्या दोन-तीन सेंटीमीटर खाली असू द्या. टाकी निम्मी झाली की चढण वाढते आणि धुकं पातळ होतं. यंत्र सुरुवातीला चांगलं आणि अर्ध्या तासाने ढिलं चालत असेल तर आधी टाकी बघा.

वात बसवण्याआधी, कोरडी कॉइल एकदा दोन-तीन सेकंद चालवून बघा. मध्यापासून दोन्हीकडे सारखी मंद लाल व्हायला हवी. एकच वेढा आधी उजळला तर तिथे वेढे एकमेकांना टेकलेत किंवा तार दबली आहे. सप्लाय काढा, गार होऊ द्या, वेढ्यांमध्ये सारखं अंतर करा.

मिश्रण

शुद्ध ग्लिसरीन मधासारखं दाट असतं, वातीतून चढतच नाही. तेवढंच पाणी मिसळलं की ते शंभर पटीहून जास्त पातळ होतं. म्हणून मी निम्मं ग्लिसरीन, निम्मं डिस्टिल्ड वॉटर, इथून सुरुवात करायला सांगतो. पाणी आणखी वाढवावंसं वाटतं, कारण स्वस्त पडतं. पण पाण्याची वाफ करायला फार ऊर्जा लागते. ५० वॅट पूर्णच्या पूर्ण पाण्याला दिले तरी मिनिटाला सव्वा ग्रॅमच्या आतच वाफ होते, आणि ती हवेत विरते. भाड्याच्या मशीनचा द्रव पातळ असतो हे खरं, पण त्यांचा हीटर ४०० वॅट किंवा त्याहून मोठा असतो. पाणी जास्त झालं की आपली कॉइल तडतडते आणि थेंब उडवते. बोअरचं पाणी तर नकोच, त्यातले क्षार दोन दिवसांत कॉइलवर पांढरा थर चढवतात.

ग्लिसरीन मेडिकलमधलं, सीलबंद, बाटलीवर आयपी लिहिलेलं घ्या. सुटं, कॅनमधलं घेऊ नका. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं ग्लिसरीन दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले होते. लेंटिन आयोग त्याच चौकशीसाठी नेमला गेला. ते पोटात गेलं होतं, आपलं हवेत जाणार आहे, पण मंडपात लहान मुलं आणि म्हातारी माणसं तासन्‌तास बसतात. त्याच कारणाने गाडीचं कूलंट, डिझेल किंवा अत्तर टाकीत घालू नका. हे तिन्ही प्रयोग झालेले मी ऐकले आहेत.

पंखा आणि पाइप

कॉम्प्युटरचा मोठा पंखा थेट कॉइलवर मारला की कॉइलच गार होते आणि झालेलं धुकं इतक्या हवेत पसरतं की दिसत नाही. हवा कॉइलच्या बाजूने, हळू जायला हवी. मत्स्यटाकीचा छोटा एअर पंप याला उत्तम. पाइप जितका लांब आणि जितके एल्बो जास्त, तितकं धुकं आतच भिंतीला चिकटून परत द्रव होतं. पाइप आखूड ठेवा आणि यंत्राकडे उतार द्या म्हणजे चिकटलेलं परत टाकीत येईल. धुकं जमिनीलगत हवं असेल तर ते बर्फाच्या डब्यातून काढा. गार झालं की ते खाली बसतं.

हे करू नका

२३० व्होल्ट थेट या कॉइलला देऊ नका. २.९ ओहमवर हिशोब ८० अँपिअरचा होतो. एमसीबी पडला तर नशीब, नाहीतर तार फुटून पेटता कापूस पडद्यावर. "मग तार लांब घेऊ" म्हणाल, तर उघड्या तारेवर, ओल्या वातीत, माणसांच्या गर्दीत २३० व्होल्ट राहतील. १२ व्होल्टच्या बाजूलाही ५ अँपिअरचा फ्यूज लावा. गाडीच्या फ्यूजचा होल्डर गॅरेजमध्ये मिळतो.

डोळ्यांत चुरचुर आणि घशात बोचणारा, करपलेल्या तेलासारखा वास आला तर बटन त्याच क्षणी सोडा. ग्लिसरीन जास्त तापून अॅक्रोलीन तयार झाल्याची ती खूण आहे आणि तो वायू फुप्फुसांना घातक आहे. तो वास बहुतेक वेळा कोरड्या वातीमुळेच येतो, आणि त्यानंतरची पायरी कापूस पेटण्याची असते. दहा सेकंद चालू, वीस सेकंद बंद, असं चालवलं की वातीला परत भिजायला वेळ मिळतो. यंत्र पत्र्याच्या डब्यात ठेवा, कागद आणि कापड हातभर लांब. थर्माकोल तर २०१८ पासून राज्यात सजावटीसाठी बंदच आहे, पण मागच्या वर्षांचे तुकडे कुठेतरी शिल्लक असतात आणि ते फार लवकर पेट घेतात. वाळूची बादली यंत्राच्या जवळ हवी. बटन दाबणारा माणूस एकच ठरवा. आरतीच्या वेळी, मंडप भरलेला असताना, यंत्र बंद ठेवलेलं बरं. दम्याचा पेशंट गर्दीतून पटकन बाहेर पडू शकत नाही.

दहा दिवस यंत्र रोज चालणार असेल तर वात दर दोन दिवसांनी बदला. कॉइलशेजारचा कापूस तपकिरी झाला की तो द्रव नीट ओढत नाही. विसर्जनानंतर टाकी आणि कनेक्टर कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे तसंच ठेवलेलं यंत्र पुढच्या भाद्रपदात काढलं की स्क्रू गंजलेले असतात आणि धुकं परत कमी येतं.